सोमवारची सुरमई

शेजारच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून लिहितेय. "लाइट आली का?" असं आता कृपा करून कोणी विचारू नका. नाही आली.

काल संध्याकाळच्या वाऱ्यात तारांवर माड पडला, आमच्या पडवीचे पत्रे उडाले. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. पत्रे गोळा करून आणि पाणी उपसून माझे हात गळून गेलेत.

सकाळी फ्रीज उघडला, तर बर्फाचं पाणी झालेलं. आत सुरमई होती. नवरा मुंबईहून येणार म्हणून मासेमारी बंद व्हायच्या आधी घेऊन ठेवलेली. संध्याकाळपर्यंत टिकली नसती, आणि आज नेमका सोमवार! अख्ख्या वाडीत मासा खाणारं कोणी नाही. शेवटी पातेल्यात घालून माडाच्या मुळाशी पुरायला निघाले.

सासूबाईंनी पातेलं हातातून काढून घेतलं. सोमवारी आमच्या गॅसवर मासा चढत नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडले, नाकाला पदर लावला आणि स्वतः तळायला बसल्या.

"सोमवार माझा हाय. तू कालपासून उपाशी हायस. खा गो."

मी पोटभर जेवले. त्या समोर कोरा चहा घेऊन बसल्या.

मघाशी नवऱ्याचा फोन आला. पहिला प्रश्न, "सुरमई टिकली ना?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "सुरमय गेली. बायको कशी हाय ते इचार आधी."

तुमच्याकडे वादळानंतर पहिला प्रश्न कोणता विचारतात हो?