पाच दिवसांचं क्रीम

पडदा वर जातो तेव्हा गडमुडशिंगी गावातल्या एका स्वयंपाकघरात सकाळचं ऊन ओट्यावर तिरकं पडलेलं आहे. गॅस मंद पेटलाय. एका पातेल्यात आजऱ्याहून आणलेलं कोकमतेल आणि वनस्पतीचं मेण वितळतंय. दुसऱ्यात गाळून उकळलेलं पाणी आणि कोरफडीचा गर. आता प्रवेश अंजना मगदूम यांचा. पदर खोचलेला, हातात खास क्रीमसाठी वेगळी ठेवलेली रवी. दोन्ही पातेली सारखी तापली की त्या पाण्याची धार तेलात सोडतात आणि घुसळत राहतात. तेल-पाणी एक होतं, पांढरं होतं, दाटतं. कितीदा केलं तरी या क्षणी अंजनाकाकूंचा चेहरा उजळतोच.

सुरुवात नवऱ्याच्या हातांपासून झाली. जिनपाल तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतकामाला होते, साच्यांच्या वाळूनं हातांचे तळवे फाटायचे. त्यांच्यासाठी केलेलं क्रीम गल्लीत गेलं आणि तिथून शहरात, राजारामपुरीतल्या भैरवीच्या ब्यूटी पार्लरमध्ये पोचलं. भैरवी नवऱ्या सजवायची, आणि मेकअपच्या आधी चेहऱ्याला काकूंचंच क्रीम लावायची. मांडवात नवरी आली की काकू शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायच्या, "आतलं माझं हाय बरं का."

घर जैन. त्यामुळे मध नाही, मधमाशीचं मेण नाही. टिकवणारं रसायनही नाही, कारण ते जंतू मारतं. त्याऐवजी घरच्या पिठात जीव पडू नयेत म्हणून मुदतीची जी मर्यादा पाळतात, तीच काकूंनी क्रीमला लावली: उन्हाळ्यात पाच दिवस. डबीवर तारीख लिहून दिली की त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

ऐन लग्नसराईत एका दुपारी भैरवी आली ती डबी पुढे करतच. झाकण उघडलं. कडेनं हिरवट लव आली होती.

"काकू, हे काय म्हणायचं?"

काकूंनी डबी फिरवून तारीख पाहिली. "मर्यादा संपलीया की! वाचता येत न्हाय व्हय तुला?"

"अहो, क्रीम हाय का चपातीचं पीठ? पाच दिवसांत डबी संपवायला नवरीला काय भिंतीसारखी रंगवू?"

काकूंना हसू आलं, भैरवीला नाही. ती खाली बसली.

"नवरीच्या तोंडाला बुरशी लागली तर माझं पार्लर बंद. हे असंच असंल तर मी दुकानातलं आणती. तुमचं बंद."

ती गेल्यावर काकूंनी डबी मुलीला दाखवायला ठेवून दिली. मुलगी ऐश्वर्या फार्मसी शिकून औषध कंपनीत लागली होती. संध्याकाळी तिनं डबी उजेडात धरली.

"आई, किती वेळा सांगितलं. थेंबभर टिकवणारं घाल."

"जीव मारायचं औषध तोंडाला लावायचं?"

"आणि ह्यात काय चाललंय? तू काय मारलं न्हाईस, पण वाढवलंस किती बघ. आता फेकलं की सगळं मरणार. तुझ्या घरात तू मर्यादा पाळतीस. भैरवीताईच्या पार्लरात कोण पाळणार?"

काकू रागावल्या. पण बोलणं लागलं होतं, कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरफड आणली नाही. पाणी तापवलं नाही. मुलीला विचारलं, "पाणीच न्हाय घातलं तर?"

"मग बुरशी धरणार न्हाय. तेल कधीतरी खवट होईल, तेवढंच. पण ते क्रीम न्हवं, मलम झालं. चिकट."

ते चिकटच झालं. पिवळसर, थंड झाल्यावर घट्ट. रवी खुंटीला राहिली. घुसळायला काही नव्हतंच. काकूंनी एक डबी भरली आणि राजारामपुरीला गेल्या.

भैरवीनं मनगटावर चोळलं, वर पावडर लावून पाहिली. पावडर सरकली.

"न्हाय जमणार, काकू. फोटो काढायच्या आधीच सगळं खाली येईल."

काकूंनी मान हलवली आणि डबी उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात भैरवीनं तेच मनगट कापडानं पुसलं. पावडर गेलीच, शिवाय सकाळी रंग बघायला तिथं ओढलेली लिपस्टिकची रेघही गेली. तिनं पुन्हा थोडं बोटावर घेतलं, स्वतःच्या पापणीला चोळलं, पुसलं. काजळ कापडावर.

"काकू! हे लावायला न्हवं, काढायला! लग्न झाल्यावर नवऱ्या साबणानं तोंड खरवडून काढत्यात."

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला. आता मांडवात कोणाला कोपरानं ढोसायचं नव्हतं. पाहुणे पांगल्यावर, दागिने उतरल्यावर, कोणी बघत नसताना त्यांचं काम सुरू होणार होतं. ज्यांनी रंगभूमी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, रंग उतरवणारा हात रंग लावणाऱ्या हाताइतकाच मायेचा लागतो. पण टाळ्या तोवर संपलेल्या असतात.

"राग आला?" भैरवीनं विचारलं.

काकूंनी डबी तिच्यासमोरच ठेवली, झाकण घट्ट बसवलं आणि पिशवी खांद्याला लावली. दारात वळून म्हणाल्या, "ओल्या बोटानं उघडू नको. आधी हात पूस."