आईनं गिरवलेली चांदणी

"दाखला द्या म्याडम. येड्यांचा विषय आमच्या पोरीला नगं."

अकरावीतल्या प्राजक्ताची आई माझ्या टेबलासमोर उभी होती. सुनीताताई रिहे गावाहून भातलावणीचा खाडा करून आल्या होत्या आणि भांडायच्या तयारीनंच आल्या होत्या.

मी मुळशीतल्या एका ज्युनियर कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. त्या वर्षी मुलं इतकी कमी होती की एक जरी गेलं असतं, तरी विषय बंद. प्रिन्सिपल सरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. विषय बंद म्हणजे माझी नोकरीही.

"ताई, कुणी काय सांगितलं तुम्हाला?"

"प्रॅक्टिकलला माणसावर प्रयोग करत्यात म्हनं. करंट देत्यात का?"

"लॅब शेजारीच आहे. बघा आणि मग ठरवा."

लॅब म्हणजे दोन टेबलं. त्या दिवशी मिरर ड्रॉइंग होतं. कागदावर छापलेली चांदणी पेन्सिलनं गिरवायची. पण हात आडोशामागे, बघायचं फक्त समोरच्या आरशात. आरशात उलटं दिसतं, त्यामुळे हात भलतीकडेच जातो. करत राहिलं की जमू लागतं. माणूस शिकतो कसा, हे त्यातून कळतं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयोज्य म्हणतात. प्राजक्ता तिथेच होती आणि तिला प्रयोज्य हवाच होता. मी खुर्ची पुढे केली.

"ह्ये तर बारकं पोरगं बी करंल," म्हणत ताई बसल्या.

पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल अडकली. वर न्यायला जावं तर खाली यायची. ताईंनी चिडून पेन्सिल टाकली.

"आई, दमानं घे," प्राजक्ता म्हणाली. "पयल्यांदा समद्यांचंच चुकतंय."

तिनं नवा कागद लावला. मग आणखी एक. शेवटी चांदणी पुरी झाली. वाकडी, पण पुरी.

मला वाटलं, ताई हसतील. त्या लेकीकडे बघत राहिल्या.

"हिचं गणित चुकलं की मी लई बोलते हिला," त्या मला म्हणाल्या. "ही मला कायबी बोलली न्हाई. ह्ये हितं शिकवता व्हय तुमी?"

"हो ताई."

"मग ऱ्हाऊ द्या दाखला."

पुढच्या आठवड्यात त्या जावेच्या मुलीलाही याच विषयाला घालायला घेऊन आल्या. विषय टिकला. मीटिंगमध्ये सरांनी माझं कौतुक केलं आणि मी ते गुपचूप घेतलंही. मनात आभार मात्र सुनीताताईंचे मानले. त्यांनी लेकीच्या हाती नुसता दाखल्याचा अर्ज पाठवला असता, तर मी मुकाट्यानं सही केली असती.

भांडायला येणाऱ्या पालकांना मी आता आधी बसायला सांगते. ते निदान आलेले तरी असतात.