जंगलाकडं पाठ

सखूमावशी जंगलाकडं पाठ करून बसायची. निजामाच्या राज्यात, वांकिडीकडच्या आमच्या गावात, असं दुसरं कोणी बसत नव्हतं. कापसाच्या रानाला लागूनच सागाचं जंगल, त्यात वाघ. गावात बंदूक एकच, तीही पोलीस पाटलाची. मावशी आमची शेजारीण, विधवा. दुपारची भाकर खाल्ली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मांडी घालून डोळे मिटायची.

मी दोन इयत्ता शिकलेला, पण कुस्तीत आजूबाजूला मला जोड नव्हती. श्वास मोजायला तिनंच शिकवलं. वर्षभर तिच्यासमोर, जंगलाकडं तोंड करून बसलो. मधूनच एक डोळा उघडून झाडी पाहून घ्यायचो. मग एक दिवस मीच तिला सांगितलं, मला ध्यान जमलं.

"तोंड जंगलाकडं करून बसनं म्हनजे राखन, बापा," ती म्हणाली. "ते काई ध्यान नाही. आता मोजनं सोड आन् पाठ फिरव."

पाठ फिरवली आणि पहिलवानाची छाती धडधडायला लागली. पान पडलं तरी अंगावर काटा. मोजायला श्वास होता तोवर भीतीला जागा नव्हती, आता भीतीशिवाय काही उरलंच नाही. मी हळूच मागं पाहायचो. मावशीचे डोळे मिटलेले. उठताना मात्र विचारायची, "काऊन रे, मान दुखून राह्यली का?"

एका दुपारी वानरं ओरडली. मागं वाळलेली पानं चुरचुरली, थांबली, पुन्हा चुरचुरली. मी उठलो आणि पळालो. मावशीला हाक मारायलाही थांबलो नाही.

माणसं घेऊन परतलो तर ती तशीच बसलेली. तिच्यामागं पंधरा पावलांवर, नाल्याच्या ओल्या मातीत ताजे पंजे. तिथूनच वळून गेलेले. लोक तिच्या पाया पडायला लागले.

घरी येताना मी विचारलं, "मावशी, तुमाले भेव नाही लागलं?"

"लागलं ना. लुगडं भिजलं माहं."

"मंग उठल्या काऊन नाही?"

"उठून कुठं जाऊ? भेव तं संगंच येते. बसल्या जागी त्याले पाहून तं घेतलं." थोडं चालून म्हणाली, "तू पळाला हे मी कोनाले सांगत नाही. तूच सांगजो."

पुढच्या हिवाळ्यात ती तापानं गेली. मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

जंगल आता मागं हटलं, वाघही दिसत नाही. तरी मी रोज तिच्याच धुऱ्यावर, तिकडं पाठ करून बसतो. मान अजून वळते. दुखली का, म्हणून विचारणारं कोणी नाही.