समोरचा घड्याळजी

कॅमेऱ्याच्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेलो, तरी माझं ठरत नव्हतं. हाताच्या पंजात मावणारा, लांबचं जवळ आणणारा सुपरझूम घ्यावा, की मानेला ओझं होईल असा डीएसएलआर? दुकानदार म्हणाला, "पायरीवर उभे राहा आणि समोरचा घड्याळजी टिपा. सगळे त्याच्यावरच ट्रायल घेतात."

रस्त्यापलीकडे एका जिन्याखाली म्हातारा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकला होता. सुपरझूममध्ये तो इतका जवळ आला, की त्याच्या कानावरचे पांढरे केस मोजता आले असते. त्याने मान वर केली नाही. दिवसभरात किती जण त्याला असं जवळ ओढत असतील आणि परत जागेवर सोडून देत असतील.

डीएसएलआरमध्ये मात्र तो नखाएवढा दिसला. "याला मोठी लेन्स वेगळी घ्यावी लागते," दुकानदार म्हणाला, "नाहीतर जवळ जायचं."

मी रस्ता ओलांडला. मला पाहून घड्याळजीने भिंग काढलं, टोपी सारखी केली आणि फोटो काढू दिला. मग हात पुढे केला. "दाखवा की. रोज कोणी ना कोणी तिकडून काढतं. दाखवला कोणीच नाही."

त्याने बराच वेळ पाहिलं. "म्हातारा झालो की हो," एवढंच म्हणाला आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मी परतलो. कॅमेरा काउंटरवर ठेवताच दुकानदाराने सवयीने ट्रायलचे सगळे फोटो पुसून टाकले आणि विचारलं, "मग, कुठला देऊ?"