कपाळावरचा घाव

इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा वाटलं, परीक्षा संपल्या, आता भीतीही संपली. त्या दुपारी कॅज्युअल्टीत मी आणि माझा नागपूरचा बॅचमेट, दोघंच होतो. सीनियर ऑपरेशनमध्ये अडकले होते. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातून टेम्पोत घालून एका तरुणाला आणलं. छाती मशीनमध्ये चेपलेली, नाडी लागत नव्हती. तरी आम्ही आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. दर दाबाला तोंडातून रक्त यायचं. ईसीजीची रेघ काही हलली नाही.

बॅचमेटला कन्नड येत नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या भावाला त्यानं हिंदीतच सांगितलं, "हम बचा नहीं पाए."

भावानं त्याची कॉलर धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. सोबतचे लोक आत घुसले. औषधांच्या कपाटाची काच फुटली. एकानं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून बॅचमेटच्या कपाळावर हाणला. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरलं.

"बेडा अण्णा! नको दादा, सोडा त्याला!" मी कन्नडमध्ये ओरडले. आम्ही मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलेच, रागात मला कन्नडच सुचतं. कानाखाली थप्पड बसली आणि मी कोलमडले. उठले ती स्टँड धरलेल्या मनगटाला कडकडून चावले. स्टँड सुटला, तोवर सिक्युरिटी धावत आली.

बॅचमेटला स्कॅनला नेलं. भाऊ फरशीवर बसून होता. काचेनं त्याचा तळवा फाटला होता.

"दुसरं कोणी नाहीये," सीनियर फोनवर म्हणाले, "टाके तूच घाल."

भूल न देताच शिवावं, असं मनात आलं. पण भूल दिली.

"अक्का, माझ्या भावाला फार दुखलं का?" त्यानं विचारलं.

"आणलं तेव्हा तो शुद्धीत नव्हता."

तो मोकळ्या हातानं स्वतःच्याच तोंडात मारत सुटला. मी टाका अर्धवट सोडून तो हात धरला.

बॅचमेट बरा होऊन कामावर आला, पण कुणी आवाज चढवला की त्याच्या हातातली सुई गळून पडायची. पुढे त्यानं पॅथॉलॉजी घेतली. "तिथे नातेवाईक नसतात," म्हणाला. मल्लेश्वरमला घरी आई म्हणत राहिली, "तूही तेच घे." मी इमर्जन्सीच घेतली. डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. आणि वाईट बातमी सांगताना मी दाराजवळ उभी राहते, पटकन बाहेर पडता येईल अशी.