अणूचा विटाळ

शिट्टीबाईंवर अन्याय झाला तो गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, बडनेऱ्यात, आमच्याच गल्लीतल्या बारशात. बाळ घ्यायला बाईंनी हात पुढे केले आणि बाळाच्या आजीनं, आमच्या काकूनं, नातू उचलून सरळ आत नेला. "बाईच्या अंगात अणू सोडलाय म्हने. लेकराले लागन."

बाई आम्हाला शाळेत खेळ शिकवायच्या. रिटायर झाल्या तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. भाजीवाल्यानं काटा मारला तरी वाजायची.

मॅमोग्राफीत त्यांची गाठ नीट दिसत नव्हती, म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथं शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन खास कॅमेऱ्यानं चित्र घेतात; संशयाची जागा उजळून दिसते. बाईंची उजळली. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण लवकर सापडला. "आजच्या दिवस लहान लेकरांपासून लांब राहा," एवढंच तिथं सांगितलं होतं. गल्लीनं त्याचा जन्मभराचा नियम केला. बारशापर्यंत तर आठवडा उलटून गेला होता!

बाई रडल्या नाहीत. भर बारशात म्हणाल्या, "विटाळ माह्या आज्यानं छप्पन सालीच नागपूरले दीक्षा घेऊन टाकला, काकू. हा अणूचा नवा कोठून आणला?" आपण या बाईंच्या हाताखाली शिकलो, याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पावसाळ्यात कळलं, काकूलाही गाठ आहे. बारशाच्याही आधीपासून. लपवली काहून, विचारलं तर काकू म्हणाली, "मंग मले कोन देईन नातू?" स्वतःच्याच नियमात म्हातारी अडकली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिलाही अकोल्याला जायला सांगितलं, तर ती जाईना. छातीचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा बाईंचा हात अजून पुरता वर जात नव्हता. तरी काकूच्या दारात उभं राहून त्यांनी शिट्टी फुंकली.

"चाला, अकोल्याची गाडी हाय. मी येतो संगं."

"लोक काय म्हनतीन, बाई?"

"थे लोक तुमीच होत्या ना! चाला."

काकूची जागाही उजळली. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. उपचार चालू आहेत. मधले महिने मात्र खाल्ले ते आपण, गल्लीनं.

बाई आता लेकीकडे धामणगावला असतात. या आजाराच्या जागृतीसाठी मी काढलेलं पत्रक वाचून त्यांचा फोन आला. "जागृती, जागृती काय लिवून राहिला? मानसाले काम सांग."

तर काम सांगतो. आज घरी आईला, बायकोला, सासूला तोंडानं विचारा, छातीत गाठ लागते का. लागत असेल तर उद्याच डॉक्टरकडे न्या. आणि डॉक्टरनं अकोल्याला पाठवलं, तर तिला एकटीला गाडीत बसवून देऊ नका. तुम्ही जा.