पोटाच्या भीतीनं घेतलेले नियम

ये गं पोरी, अशी जवळ सरक. फोनवर रागावलं की तू ठेवून देतेस, म्हणून कागदावर रागावते. डॉक्टरांनी पोटासाठी दिलेली गोळी तीन दिवसांत बंद केलीस, का तर मोबाईलवर 'नैराश्याची गोळी' असं वाचलंस! लय शहाणी. तुझी ही मावशीही अशीच शहाणी होती.

माझं पोट कित्येक वर्षं असंच. कुठं निघायचं ठरलं की कळ यायची, चपला काढून परत संडासात. एकदा इस्लामपूरहून सांगलीला तुमच्याकडं येताना आष्ट्याच्या अलीकडं कंडक्टरच्या विनवण्या करून एसटी थांबवली आणि उसात पळाले. परत चढले तर सगळी गाडी माझ्याकडंच बघत होती. त्यानंतर एसटीत पाय ठेवला नाही.

ही लाज सांगायची कुणाला? मग मी बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, जाऊन देवापुढं एकेक पदार्थ सोडायचे नियम घ्यायला लागले. दुधानं बिघडलं, दूध सोडलं. मग हरभऱ्याची डाळ, मग गहू. बायका म्हणायच्या, "केवढा त्याग हो काकूंचा!" ते मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू. पोलकी सैल होत गेली, पोट होतं तसंच.

तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही मी न येण्याला उपवासाचं निमित्त सांगितलं. फोनवर म्हणाली, "देवाला कशाला पुढं करतीस? पोट बिघडलंय म्हण की!" थोरली बहीण ती, तिच्यापासून काय लपणार? त्या दिवशी रडले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेले.

सगळ्या तपासण्या झाल्या, वाईट काही निघालं नाही. रात्री घ्यायला एक बारकी गोळी दिली. सूनबाईनं मोबाईलमध्ये बघितलं अन् हळूच म्हणाली, "आई, ही मन खचलेल्यांना देतात." मी तशीच पाकीट घेऊन परत दवाखान्यात.

"डॉक्टर, मी काय येडी हाय व्हय?"

"आजी, भाजीत मीठ चिमूटभर, लोणच्यात मूठभर, पण मीठ तेच ना? तशीच ही गोळी, पोटाला थोडी, मनाला जास्त. मेंदूचं अन् पोटाचं सारखं बोलणं चालतं. तुमच्यात ते जरा चढलंय, एवढ्याशा गोळीनं उतरेल. आणि मन खचलं म्हणून कुणी जास्त घेतली, तर तोही येडा नसतो."

त्या रात्रीपासून गोळी सुरू केली. पहिला आठवडा तोंड कोरडं, सकाळी झापड. महिनाभरानं कळा कमी झाल्या. अजून एखादा दिवस वाईट जातो, पण जातो.

नियमांचं काय करायचं, हा घोर उरला. शेवटी बस्तीतल्या पंडितांना त्या बायकांसमोरच सांगितलं, "तो त्याग नव्हता, भीती होती." ते म्हणाले, "मग एक माळ जपा आणि जेवा." घरी येऊन गरम चपाती खाल्ली.

आता तूही गहू सोडलास, लग्नाकार्याला जाईनास. पोरी, माझी तेवढी वर्षं गेली, तुझी नको. उद्याच डॉक्टरांना सांग की गोळी सोडली होती, आणि ते म्हणतील तसं कर. मग इकडं ये. आल्या आल्या संडासात गेलीस तरी कुणी विचारणार नाही. फक्त दिवस मावळायच्या आत पोच, आपल्यात रात्री जेवत नाहीत, मी जेवायची थांबते. ये हो लवकर.